उमाळकर भाऊजींची लाल पाटी

प्रिय रेवा आणि ओम,

परवा फोनवर रेवाने मला विचारलं, "आजी, तू रोज संध्याकाळी अर्धा तास दार लावून एकटीच बसतेस म्हणे. तुला लोन्ली नाही वाटत?" मी "नाही गं" म्हणून विषय बदलला, कारण तुमच्याकडे सकाळ होती आणि तिच्या हातात टोस्ट होता. टोस्ट संपेपर्यंत ज्याचं उत्तर देता येत नाही तो प्रश्न कागदावर घ्यावा, असा माझा नियम आहे. शिवाय ह्या प्रश्नाचं उत्तर माझं नाहीच, ते उमाळकर भाऊजींचं आहे. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते. क्रमाने लिहिते. मध्येच पानं उलटून शेवट बघायचा नाही.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही तळमजल्यावर राहत होतो. समोरच्या दारात उमाळकर, दोघांच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर तिवारीजी. तुमचे आजोबा ड्रॉइंग ऑफिसात, मी टाउनशिपच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, तिवारीजी कारखान्याच्या सेफ्टी विभागात, आणि उमाळकर भाऊजी क्रेनच्या मेंटेनन्सचे फोरमन. ह्या क्रेन म्हणजे शेडच्या छताखाली, दोन रुळांवरून सरकणारे अजस्र पूल. बिघडले की वर चढून, गर्डरवर वाकून काम करायचं. भाऊजींनी आयुष्यभर ते केलं होतं. उंच माणूस, पण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा डोकं आपटेल अशा बेताने चालत.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, असे. त्याचं टोक यंत्राला लावायचं आणि मूठ कानाच्या भोकाशी धरायची, की आतलं बेअरिंग कसं फिरतंय ते ऐकू येतं. डॉक्टरांच्या नळीसारखं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी ते ओळख करून घ्यायला आले, "नमस्कार" म्हणाले आणि थेट आमच्या टेबलफॅनला पेचकस लावून डोळे मिटून उभे राहिले. मी चहाचा कप घेऊन ताटकळत होते.

"रडून राहिलं," ते म्हणाले.

"कोण?"

"मागचं बेअरिंग. दोन महिन्यांपासून रडतंय बिचारं. तुम्ही ऐकलं नाही?"

मग पंखा बंद करून त्यांनी प्लग काढला, तो माझ्या हातात दिला, आणि म्हणाले, "आधी बंद, मग हात." हे त्यांचं ब्रीदवाक्य. पंख्याला लावत, तसंच भांडणालाही लावत. माझं आणि तुमच्या आजोबांचं एकदा पडद्यांच्या रंगावरून जुंपलं होतं तर जिन्यातून जाता जाता त्यांनी आत डोकं घालून सांगितलं, "बाई, आधी बंद, मग हात." आम्ही दोघंही गप्प झालो. पडदे मी म्हटलं त्याच रंगाचे आणले.

आता पाटीबद्दल. क्रेनवर माणूस चढला की खाली मुख्य स्विचला लाल पत्र्याची पाटी अडकवतात. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, "सावधान! आदमी काम पर है।" पाटी दिसली की तो स्विच ब्रह्मदेवानेही लावायचा नाही. आणि नियम असा, की ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्या कोणीही नाही, साहेबानेही नाही. पाटी काढली म्हणजे लावणारा माणूस खाली उतरलाय, धड आहे, याची ती खूण.

एकदा रामसजीवन नावाचा फिटर पाटी काढायची विसरून घरी गेला. घरी म्हणजे करोंदला, आणि तिथे कशाला, तर त्याच्या स्वतःच्या हळदीला. इकडे क्रेन दुरुस्त होऊन उभी, शेड खोळंबलेली, मोठे साहेब ओरडतायत, "उतारो तख्ती!" उमाळकर भाऊजी स्विचसमोर हाताची घडी घालून उभे. "जिसने लगाई, वही उतारेगा, साहब."

"अरे, उसकी शादी है!"

"तो दूल्हे को बुलाइए."

बोलावला! भाऊजींनी स्कूटर पाठवली. तासाभराने नवरदेव मागच्या सीटवर बसून आला, तोंड, हात, पाय हळदीने पिवळेधमक, डोक्याला मुंडासं, आणि मागून त्याचे मेहुणे दुसऱ्या स्कूटरवर, नवरा पळाला की काय हे बघायला. रामसजीवनने पाटी काढली, शेडने टाळ्या वाजवल्या, तो परत जाऊन पाटावर बसला. त्या पाटीवर "आदमी" ह्या शब्दाच्या पांढऱ्या अक्षरांवर त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उठला, तो पुढे कधी गेला नाही.

काही वर्षांनी कारखान्यात नव्या पाट्या आल्या तेव्हा भाऊजींनी ती जुनी पाटी घरी आणली. खिशात घालून नव्हे. रीतसर अर्ज करून, "निकामी पाटी, एक नग" असा गेटपास बनवून, गेटवरच्या शिपायाला दाखवून. आणि घरी आणून त्यांनी ती कोठीच्या दाराला लावली.

कोठी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली सामानाची खोली. खोली म्हणायची म्हणून. आत तांदळाचा पिंप, गव्हाची कोठी, लोणच्याच्या बरण्या आणि गाद्यांची वळकटी. कारखान्यातून आले, हातपाय धुतले, की पाच वाजता भाऊजी त्या कोठीत शिरत, बाहेर पाटी लावत, आतून दार ओढून घेत आणि तांदळाच्या पिंपावर अर्धा तास बसत.

मी एकदा विचारलं, "जप करता का?"

"नाही बा."

"मग ध्यान?"

"ते मोठ्या लोकांचं. मी फक्त हजेरी लावतो."

"कोणाकडे?"

"जो आत असेल त्याच्याकडे," ते म्हणाले, आणि आपण फार बोललो असं वाटून माझ्या मिक्सरला पेचकस लावून बसले.

त्यांच्या ह्या हजेरीचा सगळा भार शकूवहिनींवर पडे. शकूवहिनी म्हणजे त्यांची बायको. नागपूरच्या. आवाज असा की त्या घरात हसल्या की आमच्या कपाटातल्या बशा दाद देत. पाच ते साडेपाच त्यांना तांदूळ काढता येत नसे. एकदा पाहुणे आले आणि त्या जिन्यात येऊन मला म्हणाल्या, "बाई, वाटीभर तांदूळ द्या हो. आमच्या तांदळावर परमेश्वर बसून राहिला." मग कोठीच्या दिशेने मोठ्याने, "साबुदाणा तरी सरकवा फटीतून!" दाराखालून साबुदाण्याची पुडी हळूच सरकत बाहेर आली.

पण एक गोष्ट मी नीट पाहिलेली आहे. साडेपाचला भाऊजी पाटी काढून बाहेर यायचे ते अगदी नुकतेच गावाहून आल्यासारखे. ज्या वहिनींना सकाळी बघितलं होतं त्यांच्याकडे कौतुकाने बघत, "काय शकू, काय म्हणतेस!" असं विचारत. मग जिन्यात येत, आमची बेल वाजवत, तिवारीजींना खालून हाक मारत, दूधवाल्याच्या म्हशीची चौकशी करत. अर्ध्या तासाच्या एकांताची कसर पुढचे तीन तास सगळ्यांकडून वसूल होई. तुमचे आजोबा म्हणत, "ह्या माणसाला कोठीत बसू देऊ नका, बाहेर आला की आवरत नाही."

भाऊजींना मात्र त्या अर्ध्या तासाचा हव्यास सुटला. "बाई, अर्ध्या तासात हे," ते मला म्हणाले, "तर सलग एकेचाळीस दिवस मिळाले तर काय होईल? कुकर नाही, बेल नाही, रेडिओ नाही."

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "ग्रीस जास्त झालं की बेअरिंग तापतं, असं तुम्हीच म्हणता ना हो?"

"ते बेअरिंगचं."

"मग तुम्ही कोण, क्रेन?"

भाऊजींची संधी आली ती त्यांच्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणात. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला, म्हणून मग माहेरच उठून नागपूरला गेलं. म्हणजे वहिनी गेल्या, लोणची, लाडू आणि दोन गाद्या घेऊन. भाऊजींची निवृत्ती जवळ आली होती, साठलेली रजा होतीच. त्यांनी आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत उभं राहून जाहीर केलं: एकेचाळीस दिवस, मौन, एकांत, एक वेळ जेवण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी माणसाचं फार नुकसान होतं, हे मी चाळीस वर्षं शाळेत पाहिलेलं आहे.

वहिनी निघाल्या त्या सकाळी आम्ही सगळे जिन्यात उभे होतो. भाऊजींच्या दोन्ही हातांत सामान होतं, ते ऑटोत ठेवायला गेले. वहिनींनी आत जाऊन कोठीत ठेवलेली पाटी आणली आणि घराच्या मुख्य दाराच्या कडीला अडकवली. "घ्या," त्या म्हणाल्या, "झाली बढती. बसा आता मनसोक्त. कोणी तांदूळ मागणार नाही." आणि खो खो हसल्या. आमच्या बशा वाजल्या. ऑटो सुटला. भाऊजी परत आले, पाटीकडे बघून हसले, आत गेले, दार लागलं.

पहिला आठवडा टाउनशिपने काय थाटात साजरा केला! तिवारीजींनी दूधवाल्याला बजावलं की आवाज न करता दूध ठेवायचं. ब्लॉकसमोरच्या लिंबाखालचं मुलांचं क्रिकेट दुसऱ्या ब्लॉककडे हलवलं. रोजचा डबा तिवारी भाभी करत. दुपारी दाराबाहेर ठेवत, डोक्यावर पदर घेऊन दाराला नमस्कार करत, आणि संध्याकाळी धुतलेला डबा घेऊन जात. दुसऱ्या आठवड्यात दारासमोर एक नारळ आला. मग उदबत्ती. एक बाई नव्या स्कूटरची किल्ली पाटीला लावून घेऊन गेली. माझ्याकडे पाहुणे येत ते चपला उमाळकरांच्या दाराशी काढत आणि माझ्या घरात अनवाणी शिरत, कुजबुजत बोलत.

अठराव्या दिवशी तिवारी भाभी माझ्याकडे आल्या. हातात रेशमी रुमालात बांधलेलं काहीतरी. रोजच्या धुतलेल्या डब्यात भाऊजींची चिठ्ठी असे. भाभींना मराठी वाचता येत नव्हतं, पण मौनातल्या महात्म्याचं हस्ताक्षर म्हणून त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या देवघरात ठेवल्या होत्या, कुंकू लावून.

"बहनजी, अब बहुत लंबी-लंबी आ रही हैं," त्या म्हणाल्या. "लगता है उपदेश है. आप पढ़कर बताइए, मैं ग्रहण कर लूँगी."

मी तारीखवार लावून वाचल्या. पहिल्या दिवशीची: "भाजी उत्तम." तिसऱ्या दिवशीची: "भाजी उत्तम. डाळीत हिंग होता का?" सातव्या दिवशीची: "हिंग कोणत्या दुकानातला? सोनागिरीत मिळतो तो की शहरातून आणता? कळवावे." कळवावे खाली दोन रेघा. अकराव्या दिवशी पानभर: "वरती दुपारी तुम्ही पाटा सरकवता. सरकवत जा. थांबवू नका. काल सरकवला नाही. तब्येत बरी आहे ना?" तेराव्या दिवशी पाठपोट: लिंबाखालची मुलं कुठे गेली, कोणी हाकललं, त्या डावखुऱ्या मुलाचा झेल सुटायचा तो आता पकडतो का. सोळाव्या दिवशीच्या चिठ्ठीत शेवटी एकच ओळ होती. "आज दोन घास गेले. भाजीचा दोष नाही."

"क्या लिखा है?" भाभींनी हात जोडून विचारलं.

"भाभी," मी म्हटलं, "पिछले दो दिन डब्बा कैसा वापस आया?"

त्या गडबडल्या. "भरा हुआ. मैंने सोचा, समाधि लग रही है."

आम्ही दोघी जिन्यात आलो. तिवारीजी आणि तुमचे आजोबाही आले. उमाळकरांच्या दाराआडून पुटपुट ऐकू येत होती. "देवी से बात कर रहे हैं!" भाभी म्हणाल्या आणि त्यांच्या अंगावर काटा आला. तिवारीजी सेफ्टीवाले, अंदाजावर विश्वास नाही. ते घरातून पेचकस घेऊन आले, टोक दाराला लावलं, मूठ कानाला. थोडा वेळ ऐकून त्यांनी पेचकस माझ्याकडे दिला. "मराठी में है. आप सुनिए."

मी ऐकलं. आत भाऊजी म्हणत होते, "मग, आज काय भाजी?" मग थांबले. कोणाला तरी उत्तर द्यायला लागेल एवढा वेळ थांबले. मग म्हणाले, "बरं. तेच कर. मी कोथिंबीर निवडून देतो." पुन्हा शांतता. "शकू, हसलीस का?"

मी पेचकस काढला. तो तिवारीजींच्या हातात परत दिला.

"देवी नाही आहे," मी सांगितलं. "वहिनी आहेत. त्यांच्याशी बोलतायत. भाऊजींना बाहेर काढलं पाहिजे. आजच."

मी बेलकडे हात नेला. तिवारीजी मध्ये आले. "बहनजी! तख्ती लगी है."

"अहो, माणूस उपाशी आहे!"

"आदमी अंदर है, इसीलिए तो लगी है." त्यांचा चेहरा रडवेला झाला होता, पण ते दारासमोरून हलेनात. "तीस साल मैंने यही सिखाया है. आज अपने दोस्त के दरवाज़े पर तोड़ दूँ? उमालकरजी खुद मुझे माफ़ नहीं करेंगे. जिसने लगाई, वही उतारेगा. उन्होंने लगाई है, वही—"

"त्यांनी नाही लावली," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"शकूवहिनींनी लावली. मी इथेच उभी होते. भाऊजी सामान ठेवायला गेले होते."

तुमचे आजोबा हळूच म्हणाले, "म्हणजे तो काढूच शकत नाही. अठरा दिवस..." आणि कपाळाला हात लावून पायरीवर बसले. दारापलीकडचा माणूस कोण होता हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ज्याने स्वतःच्या हळदीतून नवरदेवाला उठवून आणलं, तो दुसऱ्याने लावलेली पाटी स्वतःच्या हाताने काढणार नव्हता, मग ती स्वतःच्याच दाराला का असेना.

टाउनशिपमध्ये मोजक्या घरांत फोन होते, त्यांत एक तिवारीजींचा. नागपूरला ट्रंक कॉल लावला. तासाभराने वहिनी लाइनवर आल्या. मी सगळं सांगितलं. आधी त्या मोठ्याने हसल्या, मग हसणं मध्येच थांबलं. "किती दिवसांपासून जेवून नाही राहिले?" मी सांगितलं. "काढा ती मेली पाटी," त्या म्हणाल्या.

तिवारीजींनी रिसीव्हर घेतला. "भाभीजी, प्रणाम. लिखित में चाहिए."

वहिनी त्यांना काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही. तुम्ही अजून लहान आहात.

शेवटी वहिनी तार करायला तयार झाल्या, पण ती उद्या पोहोचणार होती. मधली रात्र आणि सकाळ काढायची होती. तेव्हा तिवारीजींनी जे केलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी घरातून एक स्टूल आणलं आणि उमाळकरांच्या दाराबाहेर मांडलं. टाकीत किंवा बंद जागेत माणूस उतरवला की तोंडाशी एक माणूस राखण बसवायचा, हाही त्यांचा नियम. "आदमी अंदर है तो एक आदमी बाहर भी चाहिए," ते म्हणाले, आणि बसले. बोलले नाहीत, कारण मौन होतं. थोड्या वेळाने खोकले. आतून खोकल्याचा आवाज आला. तिवारीजी पुन्हा खोकले. आतून दोनदा. मी निजायला गेले तेव्हा दोघांचा खोकला व्यवस्थित चालू होता, आणि सकाळी भाभींनी ठेवलेला चहाचा पेला दाराबाहेर रिकामा होता.

दुपारी तार आली. "पाटी मी लावली. माझ्या वतीने बाईंनी काढावी. आधी वरण भात द्यावा. शकुंतला." तिवारीजींनी ती दोनदा वाचली, तारीख टाकली, सही केली, तुमच्या आजोबांची साक्ष घेतली. मग मला मान लववून म्हणाले, "अब उतारिए."

मी पाटी काढली. पत्र्याचा एवढासा तुकडा. बेल वाजवायची गरजच पडली नाही, दार उघडलं. भाऊजी दाराशीच होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले, पण इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले. मागे खोलीत चार खुर्च्या गोलाकार मांडलेल्या होत्या आणि स्टुलावर पाच कपबशा. किती दिवस मांडून ठेवल्या होत्या कोण जाणे. त्यांनी आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पाटीकडे पाहिलं आणि म्हणाले, "या. चहा टाकतो. भाभी, तो हिंग कोणत्या दुकानातला?"

त्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत बोलले. तिवारी भाभींनी हिंगाबद्दलचा उपदेश पूर्णपणे ग्रहण केला. वरण भात तीन वेळा वाढला. उरलेल्या दिवसांची रजा त्यांनी रद्द केली आणि कारखान्यात जाऊन सगळ्यांना बेजार केलं.

आठवड्याभराने ते माझ्याकडे आले. पंखा, मिक्सर दोन्ही सोडून खुर्चीवर बसले, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी सांगायचंय.

"बाई, क्रेनची मोटर असते ना," ते म्हणाले, "तिला भार लागतो. भार सोडवून नुसती पळवली तर ती आराम नाही करत. वेग घेत जाते, घेत जाते, आणि शेवटी स्वतःलाच फाडते. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी हे शिकवतो. आणि पाहा, मी काय केलं. कोठीत बसायचो तेव्हा स्विच बंद करून बसायचो. तिकडे शकू भांडी आपटायची, कुकर शिट्ट्या द्यायचा, मला वाटायचं हा त्रास गेला की अजून छान होईल. ह्या वेळी मी स्विच बंद केलाच नाही. फक्त भार काढला. दुसऱ्या दिवसापासून नुसता पळत होतो. देव राहिला बाजूला, मी कोणाला भेटलो असेन तर भाभींच्या पाट्याच्या आवाजाला."

"मग बाहेर का नाही आलात?"

त्यांनी पेचकस बोटांत फिरवला. "पाटी मी लावली नव्हती, हे खरं," ते म्हणाले. "पण सगळं खरं तेवढंच नाही. टाळ्या वाजल्या होत्या ना, बाई."

वहिनी परत आल्यावर पाटी पुन्हा कोठीच्या दाराला गेली. पाच ते साडेपाच. वहिनींनी तांदळाचा पिंप मात्र बाहेर काढला आणि त्यांना गव्हाच्या कोठीवर बसवलं. ते म्हणाले की जागा बदलल्याने हजेरीत फरक पडत नाही, फक्त उंची वाढते.

पुढे सगळे निवृत्त झाले. क्वार्टर सोडून उमाळकर, तिवारी आणि आम्ही टाउनशिपशेजारच्या सोनागिरीत एकाच गल्लीत छोटी घरं बांधली. तुमचे आजोबा गेले. मग काही वर्षांनी शकूवहिनी गेल्या, तीन दिवसांच्या आजारात. त्यांचं शेवटचं हसूसुद्धा नर्सला दटावणारं होतं. तेरावा झाला, मुलगी नागपूरला परतली, आणि दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी खिडकीतून बघते तर भाऊजींच्या दाराला लाल पाटी.

मी तशीच रस्ता ओलांडून गेले. समोरच्या ओट्यावर तिवारीजी आधीच खुर्ची टाकून बसले होते, काठी मांडीवर, डोळे घड्याळावर. मी विचारलं, "किसने लगाई?"

"खुद," ते म्हणाले. "मैंने देखा है."

आम्ही दोघं बसून राहिलो. सव्वापाच. पंचवीस. मला ते एकोणीस दिवस आठवत होते. बरोबर साडेपाचला दार उघडलं. भाऊजींनी बाहेर येऊन स्वतःच्या हाताने पाटी काढली, आमच्याकडे पाहिलं. डोळे लाल होते. पण चेहरा तोच, गावाहून नुकत्याच आलेल्या माणसाचा. "अरे वा, दोघंही!" ते म्हणाले. "बाई, तुमच्या फाटकाची बिजागरी फार दिवसांपासून रडतेय. चला, बघू." आणि बिजागरी दुरुस्त करून होईपर्यंत त्यांनी मला वहिनींच्या साबुदाण्याची गोष्ट सांगितली, जी मला माहीत होती आणि जी मी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

तेव्हापासून रोज तसंच. पाचला पाटी, ओट्यावर तिवारीजी, साडेपाचला अंगणात खुर्च्या, आणि रस्त्याने जाणारा जो सापडेल तो. मी एकटी झाल्यावर अर्धा तास बसायला शिकले ती ह्या दोघा म्हाताऱ्यांकडे बघून. रेवा, तू कधीही फोन कर, फक्त साडेपाचनंतर कर. साडेपाचनंतर तुझा आवाज मला सगळ्यात गोड लागतो. तसा लागेनासा झाला तर मी स्वतःच काळजी करीन.

ओमचा जन्म व्हायचा होता तेव्हा मी सहा महिन्यांसाठी तुमच्याकडे निघाले. मी तिथे असतानाच उमाळकर भाऊजी गेले, झोपेत, हे मला तिवारीजींच्या पत्रातून कळलं. म्हणून मी निघाले तो दिवस सांगून थांबते.

निरोप आदल्या दिवशीच झाला होता. विमानाच्या इंजिनाबद्दल त्यांनी मला भरपूर सूचना दिल्या होत्या आणि आवाज वेगळा वाटला तर कोणाला तरी सांगा, असं बजावलं होतं. तरी निघताना मी गाडी त्यांच्या घरासमोर थांबवायला सांगितली. सव्वापाच झाले होते. दाराला पाटी होती. "आदमी" ह्या शब्दावर रामसजीवनच्या अंगठ्याची हळद अजून पिवळी. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, गव्हाच्या कोठीवर ताठ बसलेली. मान पहिल्यांदाच झुकलेली नव्हती. शेजारी वहिनींचा तांदळाचा पिंप आणून ठेवलेला. समोरच्या ओट्यावरून तिवारीजींनी मला घड्याळ दाखवलं. अजून पंधरा मिनिटं.

विमान थांबणारं नव्हतं. मी काही वेळ फाटकाशी उभी राहिले. बेल वाजवली नाही.

गाडीत बसल्यावर ड्रायव्हरने वळून विचारलं, "क्या हुआ माँजी, घर पर कोई नहीं है?"

"है ना बेटा," मी म्हटलं. "पढ़ो. आदमी काम पर है."